लवंगा टोचलेला विषाणू

टिंग! सकाळच्या शांततेत देवघरातली घंटा वाजली आणि वेणी घालता घालता अंजनी दचकली. घंटा म्हणजे नैवेद्य. पण आज नैवेद्याचं तिनं काही केलंच नव्हतं!

केला होता तो विषाणू. पाचवीतल्या मीराच्या शाळेत दहा वाजता विज्ञान प्रदर्शन होतं. "थर्माकोलचे गोळे कोणीही आणेल! माझ्या पोरीचा विषाणू असा होईल, की मास्तर बघतच राहतील!" असं हिंदी मुलखातल्या खमरिया कारखान्याच्या अख्ख्या क्वार्टर-लाइनीला ऐकवून तिनं नारळाएवढा बेसनाचा गोळा वळला होता. पोटात लाल शेवयांची गुंडाळी, म्हणजे आरएनए. भोवती बेसन, म्हणजे प्रथिनांचं कवच. वरून थिजल्या तुपाचा लेप, म्हणजे मेदाचं आवरण. आणि त्यात काट्यांसारख्या टोचलेल्या चाळीस लवंगा!

ती स्वयंपाकघरात धावली. ताटात उरली होती एक लवंग.

"आई, इथला गोळा?"

"देवाला दाखवला, अन् पाच घरी वाट्या भरून देऊन आली," सासूबाई म्हणाल्या. "एवढं गोड घरात, अन् नैवेद्याविना ठेवतेस? काहून, काय झालं व?"

"आई, तो मीराचा विषाणू होता!"

मीरानं भोकाड पसरलं. अर्ध्या वेणीनं अंजनी शेजारी पळाली. "भाभी, प्रसाद मत खाना! वो वायरस है!"

भाभींनी तोंडातला घास गिळला आणि किंचाळल्या, "अजी सुनते हो! प्रसाद में वायरस!"

पाच मिनिटांत पाच अंगणांत मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुरू! जणू पाच जुन्या स्कूटरींना कोणी एकदम किक मारून राहिलं. "अरे, बेसन का था!" अंजनी ओरडत होती. पण त्या खळखळाटात ऐकतो कोण?

तरी रीत कोणी सोडली नाही. रिकामी वाटी परत करायची नाही! एकीतून मुरमुरे आले, एकीतून गूळ, एकीतून चिवडा, एकीतून शेंगदाणे. भाभी ओल्या हनुवटीनं पेढे घेऊन आल्या. "दीदी, वायरस अपनी जगह, व्यवहार अपनी जगह!"

मीराचं रडणं एकदम थांबलं. "आई! एक विषाणू पाच घरांत शिरला, अन् त्यांच्याच सामानातून पाच वाट्या भरून आल्या. अगं, हा तर वाढला!"

"मग? मी असंच तर ठरवलं होतं!" अंजनी म्हणाली. सासूबाई नुसत्या खोकल्या.

पाच वाट्या ताटात गेल्या, मधोमध ती एकुलती लवंग. ताट घेऊन प्रदर्शनाला निघालेली मीरा दारात थबकली.

"पण आई, कोणाच्या घरात शिरेपर्यंत तर तो ओट्यावर नुसताच पडून होता. मग तेव्हा तो जिवंत होता, का मेलेला?"