निवांतला फूल येईना

फोन खांदा आणि कान यांच्यात दाबून ती बाळाची झबली पिळत होती. पलीकडून आई म्हणाली, "रविवारी येते गं. निवांतला कळ्या लागल्या असतील ना?"

"लागल्यात तर! चिक्कार!" असं बिनदिक्कत ठोकून तिने फोन ठेवला आणि ओल्या हातांनीच मागच्या दारी पळाली.

निवांत हे रोपाचं नाव. खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. आईच्या जुन्या घरामागे, भिंतीच्या सावलीत ते आपसूक उगवायचं. बाकीची झाडं फुलून सुकून गेली की हे सावकाश जांभळी फुलं काढायचं, म्हणून आईने निवांत म्हटलं. पहिलं फूल लेकीच्या वेणीत जायचं आणि शाळेची घंटा झाली तरी वेणी पुरी व्हायची नाही. ते घर गेलं, अंगण गेलं. उरला तो इथे लावलेला एक फुटवा. आई आता एका खोलीत एकटी राहायची. ये म्हटलं तर म्हणायची, "लेकीकडे दोन दिवस. तिसऱ्या दिवशी माणूस अडगळ होतं." निदान त्या दोन दिवसांत तरी तिला ती फुलं दिसावीत, एवढंच हिच्या मनात होतं.

आणि कळी औषधालाही नव्हती. रोप मात्र नुकतंच केस कापून आल्यासारखं गोल, गच्च, नीटनेटकं.

"सावली फार पडते," नवऱ्याने निदान केलं आणि करवत घेऊन तो स्टुलावर चढला. फांदी तुटली ती थेट दोरीवर. दोरी तुटली, चादरी मातीत गेल्या आणि शेजारच्या शिंपीकाकांनी वाळत घातलेला गिऱ्हाइकाचा कोट गटारात.

"अरे, सावलीला कशाला दोष देतोस?" सासूबाई बाहेर येत म्हणाल्या. "मी रोज दुपारी शेंडे खुडते, म्हणून तर एवढं भरलंय ते!"

"तुम्ही? अहो आई, शेंडे मी खुडते! रोज सकाळी, बाळ उठायच्या आधी!"

दोघींनी स्टुलाकडे पाहिलं. तो करवतीचे दात तपासत होता.

"तू का रे गप्प?"

"ऑफिसातून आल्यावर… थोडेसेच. तुला बरं वाटावं म्हणून."

कळी धरते ती शेंड्यालाच; रोपाला तेवढी उसंत होती कुठे!

शनिवारी नवऱ्याने जांभळी कागदी फुलं आणली. कोटाचा राग गिळून शिंपीकाकांनी दोरा दिला. रविवारी आई पिशवी न ठेवताच मागे गेली, वाकली, आणि एक फूल तिच्या हातात आलं.

"फुलाला दोरा कधीपासून फुटायला लागला?"

सगळं ओकावं लागलं. आई हसत हसत पायरीवरच बसली. "अगं, तुझे बाबा नि मी अस्संच करायचो! एकमेकांपासून चोरून. तुझ्या जन्माआधी किती वर्षं फूल म्हणून बघितलं नाही आम्ही." तिने डोळे पुसले. "आता हे फुलेपर्यंत मी हलत नाही. तुमच्या हातांवर पहारा हवा."

"आई, आता ते पुढच्या वर्षीच फुलणार गं."

"मग पुढच्या वर्षी!"

आई राहिली. बाळ तिच्या बोटाला धरून चालायला शिकलं. सासूबाईंना दुपारच्या चहाला भांडायला हक्काचं माणूस मिळालं.

आणि एका सकाळी पानांआड टाचणीच्या डोक्याएवढी जांभळी कळी दिसली. लेकीला मानेवर जुन्या वेणीची ओढ जाणवली. मग तिने मागे पाहिलं, पुढे पाहिलं, आणि कळी खुडली. शेजारचे शेंडेही ताजे खुडलेले होते, पण ते तिच्या नंतर लक्षात आलं.

स्वयंपाकघरात आईने विचारलं, "काय गं, कळी दिसतेय का?"

ती तोंड उघडणार, एवढ्यात सासूबाईच म्हणाल्या, "कुठली हो, विहीणबाई! अजून पत्ता नाही," आणि हिरवी झालेली नखं त्यांनी फडक्याला पुसली.