सगळ्या फ्लॉप्या रिकाम्या!

जोतीरामच्या पोरीचं, मालनचं लग्न झालं ते साल १९९५. त्याच लग्नात, पंगतीतून हात धुवून उठताना, हरिबानं जोतीरामच्या पोराकडं, म्हणजे बिरदेवकडं, बोट करून सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "पोरगं बरं हाय. पर कारखान्यात हंगामी हाय! कायम झालं की माझी पोरगी स्वप्नाली त्येचीच. न्हाईतर एष्टीतला एक कंडक्टर हाय माझ्या नजरंत."

तेव्हापासून बिरदेवला झोपेतसुद्धा डबल बेल ऐकू यायची!

बिरदेव म्हणजे धनगरवाडीतला पहिला संगणकवाला. कराडला राहून कोर्स केलेला. मेंढरामागं फिरणाऱ्या घरातलं पोर खुर्चीवर बसून पगार घेतंय म्हटल्यावर आई हरणाबाई रोज त्याची दृष्ट काढायची. साखर कारखान्यातले त्याचे साहेब चिंतामणराव. मूळचे साताऱ्याचे. प्रत्येक वाक्य इस्त्री करूनच तोंडाबाहेर काढायचे. बिरदेवला कायम करायचं का नाही, हे त्यांच्या शेऱ्यावर अवलंबून होतं.

कारखान्याच्या संगणकाचं पोट लहान. म्हणून सभासदांच्या याद्या त्यातून काढून फ्लॉप्यांवर ठेवलेल्या. पापडासारख्या पातळ, काळ्या, चौकोनी फ्लॉप्या! एका गटाची एक. दिवाळीला सवलतीची साखर कुणाकुणाला द्यायची, ते सगळं त्यांच्यात. दुसरीकडं कुठं नाही.

बिरदेवनं नव्या फ्लॉप्यांचा खोका मागितला. चिंतामणरावांनी चष्म्यावरून बघितलं.

"आधी जुन्यांत किती जागा शिल्लक आहे ते सांग. कपाट भरलंय त्यांनी!"

"साहेब, शेल स्क्रिप्ट लिहितो!"

"ते काय असतं?"

"कामाची चिठ्ठी, साहेब. संगणकाला एकदाच लिहून द्यायची. फ्लॉपी माग, किती भरलीय बघ, किती मोकळी हाय बघ, छाप, पुढची माग. मी निस्त्या फ्लॉप्या चारत बसायचं!"

"चुकणार नाही ना?"

"माणूस चुकतो, साहेब. स्क्रिप्ट न्हाई!"

असं छातीठोक वाक्य बिरदेवनं त्यानंतर उभ्या जन्मात उच्चारलं नाही.

मधे आली खंडेनवमी. कारखान्यात पाने, हातोडे, वजनकाटे, ट्रॅक्टर, सगळ्यांची पूजा. संगणकालाही झेंडूची माळ घातली. आणि पोराच्या हत्याराची पूजा बघायला जोतीराम स्वतः आला. लाल पटका, खांद्यावर घोंगडं, कमरेला भंडाऱ्याची पिशवी.

"व्हय रं, ह्येचं तोंड कुठाय?"

बिरदेवनं कौतुकानं फ्लॉपी घालायची फट दाखवली. "हितनं खातंय, आबा."

एवढं बोलून तो चहा सांगायला गेला. इकडं जोतीरामनं विचार केला, नुसती माळ घालून कुठं देव पावतो? धनगराच्या घरचं जनावर आहे! त्यानं पिशवीत हात घातला, "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" म्हणून आरोळी ठोकली आणि सांगलीच्या पेठेतली अस्सल हळद मूठभर त्या फटीत सोडली. उरलेली कपाळाला लावली. संगणकाच्या!

बिरदेव चहा घेऊन आला तर संगणक नवरीसारखा पिवळा! त्यानं रुमालानं तोंड पुसलं. तोंडाच्या आत काय आहे ते कोण बघतंय?

दसरा झाल्यावर स्क्रिप्ट चालू केली. पहिली फ्लॉपी उंबरवाडी गटाची. आत घातल्याबरोबर आवाज आला, खर्रर्र! जात्यात खडा आल्यासारखा. पडद्यावर उमटलं, भरलेली शून्य, बाकी सगळी रिकामी. दुसरी घातली. खर्रर्र! भरलेली शून्य. तिसरी, चौथी, कपाटातली सगळी.

आता यात झालं होतं असं. आतल्या हळदीनं संगणकाला फ्लॉपी वाचताच येईना. आणि बिरदेवच्या चिठ्ठीत, 'वाचता आली नाही तर काय करायचं' हे लिहायचंच राहिलं होतं. जे दिसत नाही ते नाही, असं समजून स्क्रिप्ट बिचारी शून्य लिहून मोकळी होत होती. वर गंमत म्हणजे वाचायचा प्रयत्न करताना ती हळद प्रत्येक फ्लॉपीला खरवडून काढत होती. खरजेची मेंढी कळपातून फिरवावी आणि प्रत्येकीला अंग घासू द्यावं, तसला प्रकार!

चिंतामणरावांनी छापील कागद बघितला. "अरे, उंबरवाडीची यादी यात होती ना?"

बिरदेवनं कागद उलटा करून बघितला. पण डोळ्यांपुढं कंडक्टर उभा राहिला. "आसंल पूर्वी, साहेब. दुसरीकडं हालवली आसंल कुणीतरी. स्क्रिप्ट रिकामी म्हनतीय म्हंजे रिकामीच!"

चिंतामणराव खूश! नवा खोका वाचला, वर कपाटभर कोऱ्या फ्लॉप्या हाती आल्या. त्यांनी चेअरमनना कळवलं. चेअरमन त्यांच्याहून खूश! त्यांच्या आईच्या नावानं काढलेल्या शाळेत नुकताच एक संगणक आला होता. लगेच समारंभ ठरला. हार, नारळ, भाषण! 'ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी कोऱ्या फ्लॉप्यांची भेट' असं फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलं. चिंतामणरावांनी सही केली, चेअरमननी फ्लॉप्या दिल्या, बिरदेवनं टाळ्या वाजवल्या.

दिवाळी आठवड्यावर आली आणि चेअरमनचा निरोप आला, "साखरंच्या याद्या छापा."

चिंतामणरावांनी बिरदेवकडं बघितलं. बिरदेवनं कपाटाकडं बघितलं. कपाट कुणाकडंच बघत नव्हतं.

"दुसरीकडे म्हणजे कुठे हलवल्या होत्यास त्या याद्या?"

"मी... म्हंजे... कुणीतरी, साहेब."

"कोणी?"

संगणकाला हात लावणारा कारखान्यात एकटा बिरदेवच होता!

दोघं एकाच स्कूटरवरून शाळेत धडकले. क्षमाबाई नावाच्या हौशी मास्तरीणबाईंनी हसून स्वागत केलं. "बरं झालं आलात! फ्लॉप्या काही आमच्या संगणकात चालेनात. पण मुलांनी त्यांचा किती सुरेख आकाशकंदील केलाय बघा!"

दोघांनी मान वर केली. दारात, भोकं पाडून, सुतळीत ओवून, उंबरवाडी गट वाऱ्यावर डुलत होता. खाली झिरमिळ्या म्हणून काळेवस्ती गट!

चिंतामणराव पायरीवर बसले. "बिरदेव, या कंदिलात अख्ख्या कार्यक्षेत्राची साखर लटकतेय!"

एक फ्लॉपी क्षमाबाईंच्या टेबलावर चहाच्या कपाखाली धड सापडली. ती कारखान्यात आणून घातली. खर्रर्र! सांगलीहून मेकॅनिक बोलावला. त्यानं आतली पेटी उघडली, बोट फिरवलं, वास घेतला आणि विचारलं, "यात कुणी भजी तळलीत का हो?"

नेमका तेव्हाच पोराला भाकरी द्यायला आलेला जोतीराम दारातनं ओरडला, "भजी न्हाईत, भंडारा हाय! मूठभर घातलाय! म्हनून तर आजवर चाललं!"

बिरदेवला वाटलं, आता जमीन दुभंगावी. आणि तिच्यावरनं एष्टी जावी, कंडक्टरसकट!

प्रकरण चेअरमनपुढं गेलं. चेअरमननी टेबलावर आपटायला उचललेला हात हळूच मागं घेतला. कारण शिव्या द्याव्यात तर कुणाला? बिरदेवला काढावं, तर कोऱ्या म्हणून सही चिंतामणरावांची. त्यांना झापावं, तर कारखान्याच्या याद्या हार घालून वाटल्या त्या स्वतः चेअरमननी, आणि त्याचा फोटो पेपरात आलेला!

"याद्या नव्यानं करा," ते म्हणाले. "गावोगाव चावडीवर बसा. लोक सांगतील ते लिवा."

लोकांनी सांगितलं! उंबरवाडीच्या चावडीवर आकारामनं नावं घालायला सुरुवात केली. "आमचा आज्जा कोंडीबा. लिवा."

"कोंडीबा?" मागनं अर्जुना ओरडला. "त्येच्या तेराव्याला मी जेवलोय की!"

"मग काय झालं? आज्जा वाढायलाच हुता!"

चिंतामणरावांनी पेन खाली ठेवलं आणि शेजारी बसलेल्या चेअरमनच्या कानाशी लागले. "साहेब, हा माणूस वारलेला आहे."

"आवं चिंतामणराव, पुढल्या साली निवडणूक हाय. वारलेला माणूस कवा विरोधात मत देतो का? लिवा!"

गर्दीतून जोतीराम पुढं सरकला. "आमचं बी नाव घ्या."

"तुमचा ऊस किती आहे?"

"ऊस न्हाई. पर माझ्या मेंढरांनी ह्या हद्दीतला ऊस जलमभर खाल्लाय. कुठल्या मळ्यातला किती गोड, इचारा!"

चावडी हसून आडवी झाली. चेअरमननी डोळे पुसत मान हलवली आणि जोतीराम सभासद झाला.

त्या दिवाळीला कार्यक्षेत्रात एकही माणूस मेलेला नव्हता. चेअरमन म्हणाले, एवढा सभासद आपल्या काळात वाढला, पोराच्या हाताला यश आहे! चिंतामणरावांनी कपाळाला हात लावून शेरा मारला. मार्गशीर्षात बिरदेव कायम झाला, माघात स्वप्नालीशी लग्न लागलं. कंडक्टरही आला होता. जेवला, आहेर केला, गेला.

साखरेच्या याद्या आजही बिरदेवच सांभाळतो. जोतीरामच्या नावची साखर दर दिवाळीला घरी येते. हयातीच्या दाखल्यावर अंगठा कुणाचा असतो, ते आपण विचारू नये. जोतीराम २००१ सालच्या श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी वारला.