अर्थ सांगणारे गुरुजी

आमच्या समोर राहणारे शंकर गुरुजी कुणालाही "बरं हाय का?" असं विचारत नाहीत. "घशात, पोटात की उरात?" असं विचारतात. नवा माणूस दचकतो आणि त्यांना डॉक्टर समजून जीभ बाहेर काढतो. आम्हाला सवय झाली आहे. एकदा वडूजची एसटी पंक्चर झाली आणि कंडक्टर रस्त्याकडेला डोकं धरून बसला, तर गुरुजींनी त्यालाही सोडलं नाही. तो म्हणाला, "सध्या टायरात हाय, गुरुजी."

या प्रश्नामागे गुरुजींचा अभ्यास आहे. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यावर लोक शेळ्या पाळतात किंवा सोसायटीची निवडणूक लढवतात. गुरुजी जुन्या पोथ्यांच्या मागे लागले. त्यांचं म्हणणं असं, की चार-पाचशे वर्षांपूर्वीचा कवी 'त्याला वाईट वाटलं' असं लिहून मोकळा होत नसे. तो मनाला अंगात जागा द्यायचा. दुःख घशात दाटायचं, भीतीचा पोटात गोळा यायचा, माया उरात मावायची नाही.

"आणि हितं टीव्हीवर बघा," ते चिडून सांगतात. "बाई भिंतीकडं तोंड करून मोठ्यानं विचार करती. सगळ्या गल्लीला ऐकू जातंय, आन् शेजारी हुबी असल्याली सासू बहिरी!"

कुठल्या पोथीत कोणाचं मन कोणत्या ओवीत दिसतं, याची त्यांनी जाडजूड वही केली आहे. मालनकाकूंना, म्हणजे गुरुजींच्या पत्नीला, मी एकदा त्या वहीबद्दल विचारलं. "लय मनं शोधल्यात त्यांनी," काकू म्हणाल्या. "चार दिस माझं डोकं धरलंय, ते काय अजून सापडलं न्हाई."

श्रावणात मात्र गुरुजींना खरा भाव येतो. आमच्याकडे महिनाभर देवळात संध्याकाळी पोथी लागते. एकानं ओवी चालीवर वाचायची, दुसऱ्यानं तिचा अर्थ सांगायचा. पोथी हाताने लिहिलेली, दोन राजपुत्र भावांच्या गोष्टीची. कवीच्या नावाचं पान उंदरांनी खाल्लेलं. अर्थ सांगतात गुरुजी आणि वाचतात त्यांचे थोरले भाऊ बिरूआप्पा.

आप्पा शाळेत गेलेच नाहीत. त्यांनी मेंढरं राखली म्हणून धाकटा शिकला. मेंढरांमागे फिरताना कुणा म्हाताऱ्या बुवांनी त्यांना अक्षर आणि चाल दोन्ही शिकवलं. आप्पांनी आवाज लावला की बाहेर पारावर पत्ते खेळणारे डाव थांबवतात.

नऊ वर्षांपूर्वी एका श्रावणात आप्पांनी एका ओवीचा अर्थ स्वतःच सांगायला सुरुवात केली. गुरुजींना ते सहन झालं नाही. भरल्या देवळात ते बोलून गेले, "दादा, तुला वाचायला येतंय, कळत काय न्हाई. तू फकस्त वाच."

आप्पांनी फक्त वाचलं. तेव्हापासून ते गुरुजींशी एक शब्द बोलले नाहीत. तरी दर श्रावणात दोघं एकाच सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसत. आप्पा ओवी संपवून गप्प होत, गुरुजी अर्थ सांगत, आप्पा पान उलटत. गावाच्या मते यात काही अडचण नव्हती, पोथी तर चालू होती ना! गुरुजींनी माफी मागितली का, असं मी एकदा विचारलं. "शब्द सुचत न्हाईत," ते म्हणाले. त्या वहीच्या मालकाच्या तोंडून हे ऐकून मला हसू आलं. नंतर मला त्या हसण्याची लाज वाटली.

यंदा आप्पांचे गुडघे पार गेले आणि सांगलीच्या मुलानं त्यांना कायमचं न्यायचं ठरवलं. समाप्ती झाली की दुसऱ्या दिवशी जायचं. म्हणजे काही बोलायचं तर श्रावण संपायच्या आत. महिनाभर मी समोरून बघत होतो. गुरुजी रोज इस्त्रीची टोपी घालून देवळात जायचे आणि तसेच परत यायचे. रस्त्यात कुणाला प्रश्नसुद्धा विचारत नव्हते.

समाप्तीच्या संध्याकाळी थोरला राजपुत्र गाव सोडतो तो भाग आला. आप्पांनी वाचलं, की धाकटा वेशीपर्यंत गेला, तिथं उभा राहिला आणि थोरला चालू लागला. बस्स. कवीनं ना घसा लिहिला होता, ना पोट, ना ऊर.

आप्पा थांबले. गुरुजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. चष्मा काढून धोतरानं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. बायकांत कुजबुज सुरू झाली. मालनकाकूंनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला, तो तसाच राहिला.

मग आप्पा बोलले. पोथीत बघतच, मान वर न करता.

"धाकटा वेशीवर थांबला, कारण आणखी एक पाऊल टाकलं असतं तर तो लोकांसमोर रडला असता. तेनं मागं कायतरी वंगाळ बोललंवतं. ते तेला रोज टोचत हुतं. थोरल्याला ते ठावं हुतं. थोरल्यालाबी रडू येत हुतं, म्हणून तेनं मागं वळून बघितलं न्हाई."



"बरूबर हाय का रं, शंकर?" आप्पांनी विचारलं.

"व्हय, दादा," गुरुजी म्हणाले. "बरूबर हाय."

त्यांनी आप्पांच्या मांडीवरची पोथी उचलली आणि पुढची ओवी स्वतः वाचायला घेतली. चाल पार बिघडली. आप्पांनी हाताच्या बोटांनी सतरंजीवर ठेका धरून ती सावरून घेतली, आणि ओवी संपल्यावर अर्थ सांगितला. समाप्तीपर्यंत ते तसेच बसले, धाकटा वाचतोय आणि थोरला सांगतोय.