कुशाबाचा भोपळा आणि हैबतरावांचं बोट

"तुमाला पटायचं न्हाई," नेरे गावातल्या टपरीवर बशीतला चहा फुंकत कुशाबा म्हणाला, "पर माजा भोपळा आताच बैलाच्या डोक्याएवढा झालाय. दसऱ्याला उचलायला क्रेन लागंल!"

"आन् न्हाई लागली तर?" हैबतरावांनी विचारलं.

"तर ही मिशी उतरवीन!"

टपरीवरचे सगळे त्याच्या मिशीकडं बघायला लागले. कुशाबानं जमीन विकून भाड्याच्या खोल्या बांधल्या होत्या, पण मिशीच्या एका केसालाही कुणाला हात लावू दिला नव्हता. बायकोला, रंभाबाईला, मात्र ती लग्नापासून टोचत होती.

घरामागच्या परसात भोपळा होता खरा. फक्त लिंबाएवढा. कुशाबानं भल्या सकाळी नराचं फूल मादीच्या फुलाला स्वतः लावलं होतं, आणि वेलाची सगळी ताकद एकालाच मिळावी म्हणून बाकीची फळं खुडून टाकली होती. टपरीवरच्या पैजेच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या भाडेकरूचा, निरंजनचा फोन आला, "काका, हैबतराव चौघांना घेऊन भोपळा बघायला निघालेत. मीपण येतोय!"

कुशाबानं कोंबड्या झाकायचं डालगं त्या लिंबावर पालथं घातलं, वर गोधडी टाकली आणि पाहुण्यांना आणायला रस्त्यावर गेला.

गोधडीचा फुगवटा बघून मंडळी थक्क झाली.

"गोधडी काढ की," हैबतराव म्हणाले.

"दृष्ट लागंल. आन् बोट दावू नगा, कवळं फळ कुजतंय. मुडपून दावा."

सगळ्यांनी बोटं मुडपली. तेवढ्यात गोधडीतून आवाज आला, "कुर्रऽ कुक्!"

"काका, हा व्हायब्रेट होतोय!" निरंजन म्हणाला.

आवाज कसला ते कुशाबालाही कळेना, पण त्यानं ठोकून दिलं, "वाढतोय त्यो. लई झपाट्यानं वाढला की साल करकरती."

"कुक्-कुक्-कुक्!" गोधडी हलली.

"आरं, त्यो बग हलला!" हैबतरावांचं बोट सरळ झालं.

कुशाबानं टुणकन उडी मारली. "दावलं! समद्यांनी बघितलं! आता कुजला तर ह्येंच्या बोटानं. माजी मिशी सुटली!"

हैबतराव ओशाळून बोट खिशात लपवायला लागले. इतक्यात रंभाबाई मूठभर दाणे घेऊन आली.

"सरा की बाजूला! तुमी रस्त्यावर गेलात तवा खुडूक कोंबडी बसवलीया म्या हितं अंड्यांवर. डालगं आयतंच सावलीत गावलं." तिनं गोधडी उचलली, डालगं जरासं कलतं करून आत बघितलं, मग नवऱ्याच्या मिशीकडं. "तुमचा लिंबाएवढा भोपळा बी तिनं पोटाखाली घेतलाय. हैबतराव, वस्तारा मागवा!"