नुसते बाहेर गेलेले

पंप तयार करणाऱ्या त्या कंपनीत हेडक्लार्कना सगळे थोडक्यातराव म्हणत. कोणी काही सांगायला लागलं की पहिल्या वाक्यालाच ते हात वर करायचे, "थोडक्यात सांगा." लिहायचेही तसंच. म्हणून कंपनीत संगणकावरचा नवा मदतनीस आला आणि त्याच्यासाठी चार ओळी लिहायचं काम निघालं, तेव्हा साहेबांनी ते यांच्याच गळ्यात मारलं.

या मदतनीसाला काही विचारलं की तो कंपनीच्या नोंदींतून माहिती शोधून आणणार होता. त्यासाठी त्याला अकरा साधनं दिली होती. एकेक साधन एकेक यादी उघडायचं. कोणतं कधी वापरायचं हे त्याला कळावं म्हणून प्रत्येकाखाली वर्णन हवं होतं.

"सविस्तर लिहा," संगणकवाल्या बाईंनी दुसऱ्या शाखेत जाता जाता बजावलं. "तो इथे नवा आहे. तुम्ही लिहाल तेवढंच त्याला कळणार."

थोडक्यातरावांनी अकरा वर्णनं दहा मिनिटांत उरकली. पहिल्याखाली लिहिलं, "माहिती आणतो." दुसऱ्याखाली, "दुसरी माहिती आणतो." पंप बसवायला परगावी गेलेल्या माणसांच्या यादीखाली लिहिलं, "गेलेल्यांची यादी आणतो." वारलेल्या कर्मचाऱ्यांच्या यादीखाली, उगाच अशुभ शब्द कशाला, म्हणून लिहिलं, "नावं कमी केलेल्यांची यादी आणतो."

त्याच आठवड्यात फाटकावरचे म्हातारे वॉचमन वारले. साहेबांनी मदतनीसाला फर्मावलं, "या महिन्यात आपले कोण गेले ते बघ. त्यांच्या घरी सांत्वनाचं पत्र तयार कर. चांगलं भरभरून लिही."

मदतनीसाने गेलेल्यांची यादी उघडली. सहा नावं निघाली. सहा पत्रं छापून आली. साहेब फोनवर बोलत होते. बोलता बोलताच त्यांनी सहा सह्या केल्या आणि शिपाई पाकिटं घेऊन निघाला.

त्यातलं एक पाकीट थोडक्यातरावांच्या धाकट्या बहिणीच्या घरी पोचलं. तिचा नवरा कंपनीत मेकॅनिक होता आणि चार दिवसांपूर्वी परगावी गेला होता. तिने पत्र उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं, आणि त्याला फोन लावला.

"बोल," तो म्हणाला.

"तुम्ही कुठे आहात?"

"पंपाखाली. का गं?"

"कंपनीचं पत्र आलंय. गेल्याचं."

"अरेरे. कोण गेलं?"

"तुम्ही."

तो पंपाखालून बाहेर सरकला. मग म्हणाला, "कधी?"

अर्ध्या तासात ती कंपनीत भावाच्या टेबलासमोर उभी होती. "दादा, हे काय आहे?"

थोडक्यातरावांनी पत्र वाचलं. कागद कंपनीचा, सही साहेबांची, माणूस जिवंत. त्यांना काही उलगडेना. तोवर उरलेल्या पाच घरांतूनही फोन यायला लागले होते. शेवटी मदतनीसालाच विचारलं, तर त्याने नम्रपणे उत्तर दिलं, "मी गेलेल्यांची यादी पाहिली."

मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी घाईघाईने वर्णन दुरुस्त केलं, "ही माणसं गेलेली नाहीत, नुसती बाहेर गेलेली आहेत." साहेबांनी आपल्या खोलीतून मदतनीसाला हुकूम सोडला, "त्या सहाही घरी ताबडतोब दिलगिरीचं पत्र पाठव."

मदतनीसाने पाठवलं. यावेळी घाई म्हणून थेट फोनवरच पाठवलं. "आपले यजमान गेलेले नाहीत, नुसते बाहेर गेलेले आहेत. याबद्दल कंपनी मनापासून दिलगीर आहे."

बहिणीने ते तिथेच वाचलं आणि फोन भावापुढे धरला. "म्हणजे ते आहेत याचं वाईट वाटतंय तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी संगणकवाल्या बाई परत आल्या. त्यांनी अकराही वर्णनं वाचली. 'नुसती बाहेर गेलेली' तीनदा वाचलं.

"उद्या तुमच्या जागी नवा माणूस आला, आणि तुम्ही फोनवरही भेटणार नाही," त्या म्हणाल्या. "त्याला कसं सांगाल? यादीत कोण आहे, ती कधी उघडायची, कधी नाही उघडायची."

"आणि वारलेल्यांना वारलेले म्हणू?"

"म्हणा. त्याशिवाय त्यांच्या घरी पत्र कसं जाणार?"

थोडक्यातराव चपापले. या सगळ्या गोंधळात ज्या एका घरी पत्र जायला हवं होतं, तिथेच ते गेलं नव्हतं. त्यांनी संध्याकाळपर्यंत बसून अकराही वर्णनं नव्याने लिहिली, एकेक पाच-सहा ओळींचं. "कामासाठी परगावी असलेले कर्मचारी. सर्व हयात. कोण, कुठे, कधी परतणार हे विचारल्यास ही यादी पाहावी. कोणाच्या निधनाबाबत विचारल्यास ही पाहू नये." मग वॉचमनच्या घरासाठी पत्र निघालं. ते त्यांनी स्वतः नेलं आणि वॉचमनच्या बायकोपाशी तासभर बसून राहिले. ती जुन्या आठवणी सांगत होती. त्यांनी एकदाही हात वर केला नाही.

सोमवारी मेकॅनिक परतला तो सरळ साहेबांच्या खोलीत गेला. त्याने बढतीचा अर्ज टेबलावर ठेवला. सोबत सांत्वनाचं पत्र जोडलं होतं.

"हे कशाला जोडलंय?" साहेबांनी विचारलं.

"शिफारस आहे, साहेब. 'असा कुशल, प्रामाणिक माणूस कंपनीला पुन्हा मिळणार नाही. त्यांची योग्यता आम्ही वेळीच ओळखायला हवी होती.' खाली सही तुमची आहे."

साहेबांनी पत्र उलटसुलट करून सही पाहिली. त्यांचीच होती. ती खोटी म्हणावी, तर न वाचता सह्या करतो हे कबूल करावं लागलं असतं. त्यांनी अर्ज मंजूर केला. दुपारपर्यंत उरलेल्या पाचजणांचेही अर्ज आले, प्रत्येकाला पत्र टाचलेलं.

संध्याकाळी स्टोअरकीपर थोडक्यातरावांच्या टेबलाशी येऊन घुटमळला. बावीस वर्षांच्या नोकरीत त्याला कोणी बरं म्हटल्याचं त्याच्या ऐकण्यात नव्हतं.

"ते तुमचं जुनं वर्णन," तो हळूच म्हणाला, "दोन दिवसांपुरतं परत घालता येईल का? मी उद्या बाहेर जातोय."