आप्पा मोटारमास्तर होतात

आमच्या लालबागच्या चाळीत आप्पा राणे नळावर पाणी भरायला निघाले, की वळायच्या आधी हात लांब करून इशारा द्यायचे. मागून येणाऱ्याने हाताकडे बघून काय ते समजून घ्यायचं. दोन्ही हातांत बादल्या असल्या, तर तोंडाने भोंगा वाजायचा.

शिवडीच्या गोदामांतून कापसाच्या गाठी वाहणारी लॉरी त्यांनी उभा जन्म हाकली होती. इंजिनाच्या घरघरीच्या वर बोलता बोलता त्यांचा आवाज असा काही तयार झाला होता, की संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात लोक त्यांना मुद्दाम पुढे घालत. आप्पा 'झालाच पाहिजे' म्हणाले की कर्ण्याची गरज नसे. घरात मीठ मागायलाही तोच आवाज होता.

पुढे कंबरेने दगा दिला आणि डॉक्टरांनी लॉरी बंद केली. परळच्या एका मोटार शाळेचे मालक त्यांना शिकवायला ठेवून घेणार होते, पण त्याआधी शिकवण्याची परीक्षा पास व्हायला हवी होती. नाहीतर खोली सोडून गावी, भावाच्या ओसरीवर. त्या विचारानेच आप्पांचं जेवण कमी झालं होतं.

परीक्षेची रीत अशी, की साहेब मागे बसणार, नवखा शिकाऊ चाकावर, आणि उमेदवाराने बाजूला बसून त्याला शिकवायचं. पहिल्या खेपेला आप्पांनी भाच्याला नेलं. "मेल्या, क्लच दाब. पाय आसत काय खुंटे?" हे ऐकल्यावर भाचा गाडी रस्त्यातच सोडून घरी चालत आला. साहेब म्हणाले, "शिकणाऱ्याला अहोजाहो करा, आवाज खाली घ्या, मग या."

मग तालीम सुरू झाली. आप्पांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, पाटावर, हातात स्टिअरिंग म्हणून परात, पायाशी विटा, आणि बघायला गॅलरीत निम्मी चाळ. आप्पा घसा खाकरून म्हणाले, "अहो, क्लच दाबा."

नवऱ्याने बायकोला अहो म्हटलेलं आमच्या चाळीने पहिल्यांदाच ऐकलं. बायकांनी तोंडाला पदर लावले. मी जिन्यात जाऊन पोटभर हसून आलो. एकट्या वहिनी हसल्या नाहीत.

दुसऱ्या खेपेला बकरा म्हणून माझी निवड झाली. परळच्या पुलाच्या चढावर मी गाडी बंद पाडली आणि नेमका मागून मोर्चा आला. घोषणा बाजूला ठेवून लोक मलाच शिव्या घालू लागले. आप्पांच्या मानेच्या शिरा फुगलेल्या दिसल्या. आता कानठळ्या बसणार म्हणून मी अंग चोरलं.

"अहो, घाबरू नका," आप्पा हळू म्हणाले. "ब्रेक मी ओढलाय. लोक बाजूनं जातील. तुम्ही सावकाश क्लच दाबा."

ते सांगत गेले, मी करत गेलो, आणि गाडी पूल चढली. खाली उतरल्यावर साहेब "पास" एवढंच बोलले.

इराण्याकडे चहा घेताना मी विचारलं, "आप्पा, राग गिळलात कसा?"

ते बशीतला चहा उगाच फुंकत राहिले. "तुझे हात बघलंय रे. हिचेय तसेच थरथरत होते, परात धरल्यान तेव्हा. माका वाटला, लाजता. लाजत नव्हती, भियत होती. इतकी वर्षां एका घरात रवलंव, आणि माका ठावक नाय."

मी इतका हसलो होतो, पण वहिनींचे हात मीही बघितले नव्हते.

शाळेची गाडी हातात आली तशी एका रविवारी आप्पांनी वहिनींना शिवडीला नेलं आणि गोदामांमागच्या मोकळ्या रस्त्यावर चाकावर बसवलं. सोबत म्हणून मी मागे होतो. गाडी थोडी पुढे गेली आणि गचका खाऊन बंद पडली. वहिनींनी डोळे घट्ट मिटले, मान खांद्यात ओढून घेतली.

आप्पा त्यांच्याकडे बघत राहिले.

"उघड गो डोळे," ते म्हणाले. "मी वरडूचंय नाय."

वहिनींनी डोळे लगेच उघडले नाहीत. आप्पा वाट बघत बसले.