दगडोबा अस्वलाच्या पाठीतली जाळी

बाळांनो, एका जंगलात (कोणत्या ते विचारू नका, माझे दोन मेव्हणे तिथे नोकरीला आहेत) एक सिंह राज्य करत होता. राज्य करत होता म्हणजे काय, तर रोज सकाळी एका दगडावर बसून समोर कोण किती वाकतं ते पाहत होता. बाकीचा कारभार जंगल आपला आपण करत असे.

दरबाराचा नियम सोपा होता. प्रत्येकाने रोज सात मुजरे करायचे. तेही असे वाकून की नाकाला माती लागली पाहिजे. मुजरे झाले की साळिंदर शिरस्तेदार रांगेतून फिरायचा आणि एकेकाचं नाक तपासायचा. नाकाला माती असली की हजर. नाक स्वच्छ असलं की गैरहजर, मग तो प्राणी ढळढळीत समोर उभा का असेना.

या दरबारात दगडोबा नावाचं एक अस्वल होतं. राजाच्या मधाच्या पोळ्यांचा कारभार त्याच्याकडे होता. मधाचा कारभार अस्वलाकडे देणारा राजा किती हुशार, ते तुम्हीच ठरवा. पोळी राजाची, मध राजाचा, बोटं मात्र दगडोबाची. ही नोकरी टिकावी म्हणून दगडोबा सातच्या जागी अकरा मुजरे करायचा. असे त्याने एकोणीस वर्षं केले.

एके दिवशी नवव्या मुजऱ्याला कट्ट असा आवाज झाला. दगडोबा वाकला तो वाकलेलाच राहिला. राजा खूश झाला. म्हणाला, "इतका मनापासून केलेला मुजरा आम्ही पाहिला नव्हता."

दुपार झाली तरी दगडोबा सरळ होईना. तेव्हा चौघांनी त्याला तसाच घडी घातलेला उचलून घरी नेला.

बायको येसू म्हणाली, "अहो, सात सांगितले होते ना? वरचे चार कोणासाठी?"

"ते संबंध चांगले राहावेत म्हणून," दगडोबा कण्हत म्हणाला.

राजाने उदार मनाने तीन महिन्यांची रजा दिली आणि पोळी तात्पुरती वानराकडे सोपवली. हे ऐकून दगडोबाची पाठ जास्तच दुखायला लागली. तात्पुरतं म्हणजे काय, ते त्याला पक्कं माहीत होतं. त्यालाही पोळी तात्पुरतीच मिळाली होती, एकोणीस वर्षांपूर्वी.

जंगलात हाडांचा डॉक्टर एकच, सुतारपक्षी टोकेकर. त्याने दगडोबाच्या पाठीवर वरपासून खालपर्यंत टकटक केलं.

"मणके सरकलेत," तो म्हणाला. "खालचे पाच जोडावे लागतील. पूर्वी आम्ही लोखंडाच्या कडक पट्ट्या ठोकायचो. पण पट्टी सगळा भार एकटी उचलते. मग हाड म्हणतं, मी कशाला कष्ट करू? ते आळशी होतं, वाढत नाही आणि चार वर्षांनी स्क्रू ढिले होतात."

"आमच्या वानरासारखं," दगडोबा म्हणाला.

"आता नवीन जाळी आली आहे. लवचिक. ती जरा जरा दबते..."

"लवचिक?" दगडोबाचे कान उभे राहिले. तेवढीच एक गोष्ट त्याला उभी करता येत होती.

"पुढचं ऐका. ती दबते म्हणून थोडा भार हाडापर्यंत पोचतो. हाडाला वाटतं, आपल्यावाचून अडलंय. ते वाढायला लागतं, जाळीच्या भोकांतून आरपार जातं आणि..."

"किती लवचिक?"

"अहो, लवचिक ती जाळी. पाठ नव्हे."

पण दगडोबाने तोवर कागदावर पंजा उमटवला होता. बाळांनो, ऑपरेशनच्या आधीचा कागद वाचायचा नसतो. तो वाचला तर माणूस घाबरतो, आणि न वाचला तर गोष्ट तयार होते.

तीन महिन्यांनी डॉक्टरने पुन्हा टकटक केलं आणि त्याचा चेहरा उजळला. "काय सुंदर हाड भरलंय. पाच मणक्यांचा एक खांब झालाय."

"थांबा, वाकून दाखवतो," दगडोबा म्हणाला आणि वाकायला गेला. पाठ जागची हलली नाही. त्याने दम धरून पुन्हा जोर लावला. डोळे तेवढे बाहेर आले.

"डॉक्टर, तुम्ही तर लवचिक म्हणाला होता."

"जाळीने थोडं दबून हाडाला कामाला लावायचं होतं. ते तिने केलं. आता तुम्ही चाला, धावा, झाडावर चढा."

"मला मुजरे करायचे होते हो."

"मुजऱ्यासाठी पाठ दुरुस्त करून घेणारा पेशंट माझ्याकडे पहिलाच आला."

"मग ती जाळी काढून टाका."

"कुठून काढू? हाड तिच्या आरपार गेलंय. जाळी काढायची तर आधी तुम्हाला काढावं लागेल."

दुसऱ्या दिवशी रजा संपली. येसूने त्याच्या नाकाला घरूनच माती लावून दिली. पण वाटेत दगडोबाला रडू आलं आणि नाक धुऊन निघालं.

दरबार भरला. सगळे वाकले. दगडोबा एकटा ताठ उभा राहिला.

मातीत नाकं खुपसलेल्या रांगांमधून कुजबुज सुरू झाली.

"याला वरून जोर आहे," तरस म्हणालं.

"पलीकडच्या जंगलातल्या वाघाशी बोलणं झालंय म्हणे," कोल्हा म्हणाला. तसं कोणीच म्हटलं नव्हतं. पण कोल्ह्याने लगेच कूस बदलून, असावा म्हणून, दगडोबाच्या दिशेनेही एक मुजरा करून घेतला. वानराने तर तिथल्या तिथे पोळ्यांचा राजीनामा मनातल्या मनात लिहून टाकला.

सगळ्यात जास्त घाबरला तो राजा. इतकी वर्षं त्याने समोर फक्त पाठी पाहिल्या होत्या. आज पहिल्यांदाच दोन डोळे त्याच्याकडे पाहत होते, आणि ते डोळे पाण्याने भरलेले होते. राजाला वाटलं, हा संताप आहे.

"दगडोबा," राजा चाचरत म्हणाला, "काही तक्रार आहे का तुमची?"

दरबार चपापला. राजाने आजवर कोणाला 'तुमची' म्हटलं नव्हतं.

"पोळी तुमचीच आहेत," राजा घाईने म्हणाला. "आणि हे मुजरे कोणाला जाचत असतील, तर बंद करू. आम्हालाही रोज पाहून कंटाळा येतोच. तुम्ही फक्त हो म्हणा."

बाळांनो, शेकडो पाठी मोडायच्या राहिल्या असत्या. एका 'हो'चं काम होतं.

पण दगडोबाला यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं की साळिंदर शिरस्तेदार रांगेतून त्याच्याच दिशेने येतो आहे आणि आपलं नाक स्वच्छ आहे. साळिंदर दोन पावलांवर आला. वाकायला तर पाठ तयार नव्हती. दगडोबाने डोळे मिटले आणि तोडलेल्या सागवानासारखा तो धाडकन पुढे आडवा पडला.

नाक, छाती, पोट, गुडघे, सगळं एका दमात मातीला टेकलं. कुठे बाक नाही, कुठे पोक नाही. पाच मणक्यांचा खांब जमिनीला समांतर.

साळिंदर बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने लिहिलं, हजर.

राजाचा जीव भांड्यात पडला. "आम्ही शब्दाचे पक्के आहोत," तो म्हणाला. "मुजरे बंद म्हणजे बंद. उद्यापासून लोटांगण."

दुसऱ्या दिवशी सगळे आडवे पडले. पण वर्षानुवर्षं वाकून सगळ्यांच्या पाठीला बाक आलेला. ते पालथ्या होडीसारखे दिसायला लागले. नाक टेकलं, शेपूट टेकली, पण पोट अधांतरीच. फक्त दगडोबा फळीसारखा सपाट. राजाने त्याला पोळ्यांबरोबर लोटांगण खात्याचाही प्रमुख केला.

त्या दुपारपासून टोकेकर डॉक्टरच्या झाडाखाली रांग लागली आहे. सगळ्यांना तीच जाळी हवी आहे. आज त्या जंगलात जितक्या भक्कम पाठी आहेत तितक्या दुसरीकडे कुठे नाहीत, असं माझे मेव्हणे सांगतात. दोघांचीही ऑपरेशनं उत्तम झाली.

तात्पर्य : बाळांनो, पाठ अवश्य पक्की करून घ्या. वाकणाऱ्याचं नुसतं नाक मळतं. पक्क्या पाठीचा माणूस एका दमात सगळाच मळतो, म्हणून बढती त्यालाच मिळते.